ठसे घेतले, प्रश्न विचारलाच नाही

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये एक वडील आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. सांगली जिल्ह्यातलं गाव, घरची द्राक्षबाग, मुलगी नुकतीच नववीत गेलेली. (ओळख पटेल असे तपशील मी इथे आणि पुढेही बदलले आहेत.) खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी पिशवीतून स्पायरल केलेला रंगीत अहवाल काढून टेबलावर ठेवला. पस्तीस पानं. म्हणाले, "मॅडम, ह्यात सगळं दिलंय बघा. फक्त हिला नीट समजावून सांगा."

शाळेत एक कंपनी आली होती. पालकसभेत पडद्यावर मेंदूची चित्रं दाखवली, मुलांच्या दहाही बोटांचे ठसे यंत्रावर घेतले, प्रत्येकी साडेतीन हजार रुपये जमा केले आणि पंधरा दिवसांनी अहवाल घरी पाठवले. मुलीच्या अहवालात आठ रंगीत खांब होते. त्यातला 'तर्क-गणिती बुद्धिमत्ता' हा खांब सगळ्यात बुटका. त्याखाली एक ओळ होती, विज्ञान शाखेपेक्षा कला शाखा अधिक अनुकूल. घरात निर्णय होऊन गेला होता. मी फक्त शिक्का मारायचा होता.

मुलगी खुर्चीच्या काठावर बसून उजव्या अंगठ्याचं टोक डाव्या हाताच्या बोटांनी चोळत होती, सारखी. मी तिला विचारलं, "तुला काय करायला आवडतं गं?" तिनं आधी वडिलांकडे पाहिलं, मग अहवालाकडे. म्हणाली, "त्यात असेल ना लिहिलेलं."

वीस वर्षं समुपदेशन करते आहे. मानसशास्त्रीय चाचण्या मी रोज वापरते, त्यांच्यावर माझा विश्वास आहे आणि त्यांच्याशिवाय काम करणं मला जमणार नाही. म्हणूनच ते वाक्य मला लागलं. चाचणी माणसाला स्वतःकडे पाहायला मदत करते, त्यासाठीच ती असते. इथे चौदा वर्षांच्या मुलीचं स्वतःकडे पाहणंच एका अहवालानं बंद केलं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की जो निकाल समोर बसून समजावणार नाही आणि त्या निकालावर येणारे प्रश्न ऐकून घेणार नाही, त्याला माणसाची चाचणी घेण्याचा अधिकार नसावा. ही अट व्यवसायाची, शाळांची आणि शेवटी कायद्याचीही असावी.

आधी त्या ठशांबद्दल. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच, गर्भाच्या पहिल्या पाच-सहा महिन्यांत तयार होतात आणि जन्मभर तशाच राहतात. त्यांचा अभ्यास करणारी खरी विद्या आहे. काही जनुकीय आजारांत, उदाहरणार्थ डाऊन सिंड्रोममध्ये, तळहातावरच्या रेषांचे विशिष्ट नमुने जास्त आढळतात हे डॉक्टरांना माहीत आहे. तेवढ्या धाग्यावरून या कंपन्यांनी थेट स्वर्ग गाठला आहे. बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते, ही बहुविध बुद्धिमत्तेची कल्पना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी 1983 मध्ये मांडली, आणि बोटांच्या ठशांवरून या बुद्धिमत्ता मोजण्याला काहीही आधार नाही असं त्यांनी स्वतःच स्पष्ट सांगितलं आहे. देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनं, ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणाऱ्या या 'डीएमआयटी' चाचणीला शास्त्रीय पाया नसल्याचं निवेदन काढलं. तरी दर जूनमध्ये ही यंत्रं शाळांमधून फिरतात.

लोकांना हे पटतं कसं? याचं उत्तर 1948 सालच्या एका वर्गात सापडतं. बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आपल्या 39 विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवड्याभरानं प्रत्येकाच्या हातात 'त्याचं' वर्णन दिलं. हे वर्णन तुम्हाला किती लागू पडतं ते पाचपैकी गुण देऊन सांगा, असं विचारलं. सरासरी आली 4.26. वर्णन मात्र सगळ्यांना एकच दिलं होतं, तेही ज्योतिषाच्या पुस्तकातून वेचलेल्या वाक्यांचं. 'तुम्ही वरवर खंबीर दिसता, पण आतून कधीकधी असुरक्षित असता' हे वाक्य कुणाला लागू पडत नाही? द्राक्षबागेच्या त्या वडिलांनी मला पान उलटून दाखवलं, "हे बघा, हट्टी पण प्रेमळ असं लिहिलंय. अगदी तशीच हाय." चौदा वर्षांची कोणती मुलगी हट्टी पण प्रेमळ नसते?

अशा दाव्यांची परीक्षा कशी घ्यायची याचा धडा आपल्याच पुण्यात गिरवला गेला आहे. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांच्या मदतीनं 2008 मध्ये दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या. शंभर मुलं हुशार म्हणून निवडलेली, शंभर बौद्धिक अपंगत्व असलेली. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40 पत्रिका दिल्या आणि कोणती कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर आली, म्हणजे नाणं उडवून जेवढी आली असती त्याच्या आसपासच. ठसे घेणाऱ्या एखाद्या कंपनीनं अशी परीक्षा द्यायची तयारी दाखवली तर मुलं जमवायला मी स्वतः हिंडेन.

पण ठशांच्या धंद्यावर तोंडसुख घेणं सोपं आहे. माझी खरी काळजी खऱ्या चाचण्यांविषयी आहे. शास्त्रशुद्ध चाचणी चुकीच्या हातात पडली तर तिचंही भविष्यकथन होतं.

2016 साली राज्य मंडळानं दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू केली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. शहरातल्या पालकांना पैसे मोजून जे मिळत होतं ते गडचिरोलीच्या आणि जतच्या मुलाला सरकार फुकट देणार होतं. शेती, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, आरोग्य, गणवेशधारी सेवा, कला आणि मानव्यविद्या अशा सात क्षेत्रांत मुलाचा ओढा कुठे आहे ते पाहायचं होतं. लाखो मुलांनी ती दिली. पुढे तिला अभिक्षमतेची, म्हणजे मुलाला काय जमू शकतं ते पाहणाऱ्या चाचणीची जोड मिळाली, आणि काही वर्षांनी सगळंच थांबलं. मला अडचण चाचणीत दिसली नाही, ती त्यानंतरच्या पोकळीत दिसली. आवड आणि क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गणवेशाचं आकर्षण वाटणं आणि पोलीस भरतीत धावणं यात मोठं अंतर आहे, हे मुलाला बसून सांगायला कुणी नव्हतं. निकालाच्या कागदावर एक क्षेत्र छापून यायचं आणि घरी भांडण सुरू व्हायचं. त्या काळात माझ्याकडे आलेल्या एका आईनं विचारलेलं आठवतं, "ताई, ललित कला आलंय. आता काय करायचं हो?" जणू रक्ताचा रिपोर्टच आला होता. मुलगा शेजारीच बसला होता. त्याला चित्रं काढायला आवडतं की ढोल वाजवायला, हे त्या कागदावरून कळत नव्हतं आणि घरात कुणी विचारलंही नव्हतं. समुपदेशनासाठी माणसं उभी न करता फक्त चाचणी उभी केली, की असं होतं.

बुद्ध्यांकाची गोष्ट याहून नाजूक आहे. या आकड्याचा जन्म मदतीसाठी झाला. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी 1905 मध्ये पहिली श्रेणी केली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून त्यांना वेगळं शिकवता यावं म्हणून. बुद्धी ही ठरलेली, न वाढणारी वस्तू आहे असं मानणाऱ्यांना बिनेनं 1909 मध्ये कडक शब्दांत विरोध केला होता. ती चाचणी मराठीत लवकर आली याचा मला अभिमान वाटतो. व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बिनेच्या श्रेणीची सुधारित आवृत्ती केली, त्यावरचा त्यांचा लेख 1934 चा आहे. बिने-कामत चाचणी आजही दवाखान्यांतून वापरली जाते. वेक्सलरच्या मुलांसाठीच्या बुद्धिमत्ता चाचणीचं भारतीय रूप 1969 मध्ये नागपूरच्या आर्थर मालिन यांनी तयार केलं. मुलाचं रोजच्या व्यवहारातलं वागणं मोजणारी व्हाइनलँड श्रेणीही त्यांनीच आपल्याकडच्या मुलांसाठी बसवली. या माणसांनी आपापल्या काळात डोंगराएवढं काम केलं.

आपण मात्र पुढे फारसे सरकलो नाही. कोणत्याही चाचणीत मुलाचे गुण एका मोठ्या नमुन्याशी ताडून पाहिले जातात, त्यांना मानके म्हणतात. 'या वयाची मुलं साधारण एवढं करतात' हे त्या मानकांवरून कळतं. मानके जुनी झाली की आकडा खोटं बोलू लागतो. जेम्स फ्लिन या संशोधकानं दाखवून दिलं की अनेक देशांत पिढ्यांगणिक गुण वाढत गेले, दर दहा वर्षांनी सुमारे तीन. म्हणजे तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या मानकांवर आजच्या मुलाला मोजलं तर त्याचा बुद्ध्यांक नऊ ते बारा गुणांनी फुगून येऊ शकतो. फुगलेला आकडा पाहून बंगल्यातले पालक खूश होतात. पण ज्या मुलाला खरंच मदत हवी आहे ते बौद्धिक अपंगत्वासाठी मानलेल्या 70 च्या रेषेच्या वर ढकललं जातं आणि त्याचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र अडतं. कायद्यातल्या बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के अपंगत्व लागतं. जुन्या मानकांची किंमत कोण मोजतं? ज्यांच्याकडे दुसरीकडे पुन्हा तपासून घ्यायला पैसे नाहीत ते.

शिवाय चांगल्यातल्या चांगल्या चाचणीतही पाच-सहा गुण इकडेतिकडे होण्याची शक्यता धरलेली असते. 68 आला याचा अर्थ खरा आकडा 62 ते 74 मध्ये कुठेतरी असावा. मूल त्या दिवशी उपाशी आलं होतं का, रात्रीच्या एस.टी.नं आलं होतं का, समोरच्या बाईला घाबरलं होतं का, हे अहवालात सहसा नसतं. मी अनेक अहवाल पाहते, त्यात एकच आकडा ठळक अक्षरात असतो. पट्टा दाखवलेला नसतो, मानके कोणत्या सालची तेही नसतं.

आपल्याकडे 'मापात पाप' अशी म्हण आहे. बाजारातल्या भाजीवालीच्या काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का लागतो, ठरावीक मुदतीनं तो तपासून घ्यावा लागतो, नसला तर दंड होतो. अर्धा किलो वांग्यांसाठी आपण एवढी दक्षता घेतो. मुलाची बुद्धी, मुलीचं नैराश्य, नवराबायकोचा स्वभाव मोजणाऱ्या काट्याचा शिक्का कोण पाहतं? शाळेच्या दारावर फ्लेक्स लागला की पुरे होतं.

नैराश्याच्या चाचण्यांनी तर आता खिशात घर केलं आहे. कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक येते, नऊ प्रश्न, दोन मिनिटांत निकाल. ही पीएचक्यू-9 नावाची प्रश्नावली चांगली आहे, फुकट आहे आणि मीही ती वापरते. गेल्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती दिवस झाला ते विचारायचं, शून्य ते 27 गुण, आणि 10 किंवा त्याहून जास्त आले की लक्ष द्यायचं. मूळ अभ्यासात त्या रेषेवर नैराश्य असलेल्या शंभरातले 88 ओळखले गेले आणि नसलेल्या शंभरातले 88 बरोबर वगळले गेले. ऐकायला हे भारी वाटतं. आता एक हिशोब करून पाहू. कॉलेजात हजार मुलं आहेत आणि त्यांतल्या 50 जणांना खरंच नैराश्य आहे असं धरा. चाचणी त्यांतले 44 पकडेल, 6 सुटतील. उरलेल्या 950 मधल्या 114 जणांनाही ती 'आहे' म्हणेल. एकूण 158 मुलांच्या मोबाइलवर धोक्याचा निकाल येईल आणि त्यांतली 44 खरी असतील. शंभरातली 28. बाकीच्यांना परीक्षा असेल, ब्रेकअप असेल, झोप झालेली नसेल. या प्रश्नावलीत चूक काही नाही. ती चाळणी आहे. चाळून झालं की सूप हातात घेऊन पाखडावं लागतं, आणि पाखडायला समोर माणूस बसलेला असावा लागतो.

तिचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. इथे आपली भाषा आडवी येते. आपल्या बायका उन्हाळ्यात पदरानं वारा घेत म्हणतात, "जीव नकोसा झालाय बाई." सासुरवासाच्या गोष्टी सांगताना म्हणतात, "मेले असते तर सुटले असते." भाजी करपली तरी "मरू दे". हे आपलं रोजचं बोलणं आहे, त्यात मरण शब्दापुरतं असतं. पण कधीकधी ते शब्दापुरतं नसतं. माझ्यासमोर एका पन्नाशीच्या बाईंनी नवव्या प्रश्नावर 'एकदाही नाही' अशी खूण केली होती. एकूण गुण आठ, रेषेच्या खाली. कागद बाजूला ठेवून मी विचारलं, "आई, असं कधी वाटतं का की आता बास?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "विहिरीवर जाते मी रोज पाण्याला. तिथं वाटतं." कागदावरच्या प्रश्नातलं मराठी त्यांना कळलं नव्हतं असं नाही. त्या मराठीत त्यांना ते सांगावंसं वाटलं नव्हतं. आत्महत्येबद्दल थेट विचारलं म्हणून कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, हे संशोधनानं पुन्हापुन्हा दाखवलं आहे. उलट कुणीतरी विचारलं याचंच माणसाला हायसं वाटतं. लिंक हे विचारू शकत नाही. आठ गुणांवर लिंकनं त्या बाईंना 'सौम्य' म्हणून घरी पाठवलं असतं.

माझे काही सहकारी यावर म्हणतात, मग चाचण्या हव्यातच कशाला? माणूस आकड्यात मावत नाही, आपण ऐकावं, समजून घ्यावं. त्यांच्या भल्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण हे मला अजिबात मान्य नाही. ऐकणाऱ्याचेही पूर्वग्रह असतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी 1954 मध्ये तज्ज्ञांचे अंदाज आणि साध्या सूत्रांनी काढलेले अंदाज शेजारी ठेवून पाहिले. सूत्रं जवळजवळ प्रत्येक वेळी तज्ज्ञांच्या बरोबरीची किंवा सरस निघाली. आमच्या क्षेत्रातल्या माणसांना हे आजही ऐकायला आवडत नाही. पण नीटस इस्त्रीचे कपडे घातलेलं, इंग्रजी बोलणारं मूल आम्हाला हुशार वाटतं आणि मान खाली घालून बसलेलं मंद वाटतं. हे मी माझ्या हातून होताना पाहिलं आहे. अशा वेळी चाचणी माझा कान धरते.

सातवीतल्या एका मुलाची गोष्ट सांगते. शाळेत 'आळशी, लक्ष देत नाही', घरी मार. त्याच्या आईनं मला सांगितलं, "डोकं हाय, पण वापरत नाही." मलाही पहिल्या भेटीत तसंच वाटलं होतं. चाचणीच्या आधी मी त्याला विचारलं, "आपण हे सगळं करून झाल्यावर तुला स्वतःबद्दल काय कळायला हवंय?" हा प्रश्न मी हल्ली प्रत्येकाला विचारते. तो लगेच म्हणाला, "मी ढ आहे का?"

ठोकळ्यांची नक्षी त्यानं माझ्या हातातलं घड्याळ लाजेल अशी जुळवली. गोष्ट वाचून दाखवली तर तिच्यातले बारकावे त्याला वर्गातल्या बहुतेकांपेक्षा जास्त आठवत होते. मग मी तिसरीच्या पातळीचा उतारा त्याच्यापुढे ठेवला. बोट ठेवून, ओठ चावत तो वाचू लागला. 'विद्यार्थी'चं 'विदाथी' झालं, 'प्रश्न'पाशी तो थांबला आणि पुढच्या ओळीवर गेला. चार ओळींना पाच मिनिटं लागली. कपाळावर घाम होता. आळशी मूल असं घामाघूम होत नाही. हे वाचनदोषाचं चित्र होतं, आणि चाचणी घेतली नसती तर ते मला दिसलंच नसतं.

आठवड्यानं मी त्याला आईसोबत बोलावलं. त्याचा प्रश्न माझ्या वहीत लिहिलेला होता, तो आधी वाचला आणि मग उत्तर दिलं. "नाही. तू ढ नाहीस. ऐकून समजण्यात तू वर्गात पुढे आहेस. अक्षरं ओळखायचं काम मात्र तुझ्या मेंदूला जड जातं, म्हणून तुला वेळ लागतो. त्याचे उपाय आहेत." तो काही क्षण गप्प होता. मग म्हणाला, "हे सरांना सांगाल?" आई तोंडाला पदर लावून रडत होती. ही अर्ध्या तासाची बैठक म्हणजेच चाचणी. आधीचे तीन तास तिची तयारी होती.

हा काही माझा शोध नाही. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात स्टीफन फिन यांनी याच रीतीनं काम केलं. आधी माणसाचे स्वतःबद्दलचे प्रश्न विचारायचे, मग चाचणी, मग त्या प्रश्नांची उत्तरं एकत्र बसून शोधायची. समुपदेशनाच्या प्रतीक्षायादीतल्या विद्यार्थ्यांवर त्यांनी हे करून पाहिलं. 1992 च्या त्या अभ्यासात निकालावर बोलणी झालेल्या मुलांचा मानसिक त्रास कमी झाला, आत्मसन्मान वाढला. उपचार अजून सुरूही झाले नव्हते.

आपल्याकडे पाया घातलेला आहे. अध्ययन अक्षमतेच्या (वाचनदोष हा तिचाच प्रकार) मुलांना परीक्षेत सवलती देण्यात महाराष्ट्र देशात पहिल्या काही राज्यांत होता, 1996 पासून. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं तिला अपंगत्वाच्या 21 प्रकारांत स्थान दिलं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं तयार केलेल्या 'डाली' या वाचनदोषाच्या संचात हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीही आहे. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या त्या मुलाच्या आईला प्रमाणपत्रासाठी मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या चकरा मारायच्या तर दर चकरेला एका दिवसाचा रोज बुडतो. माझ्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्यांना चांगले संच परवडत नाहीत. सुरुवातीची काही वर्षं मीही झेरॉक्स काढलेल्या पुस्तिकांवर काम केलं आहे, आणि ते चूक होतं.

राज्य सरकारनं मराठी मुलांसाठी ताजी मानके तयार करण्यावर पैसा घालावा. कोकणातलं, मराठवाड्यातलं, पाड्यावरचं मूल त्या नमुन्यात असावं, आणि ती मानके सगळ्यांना मोफत मिळावीत. कामत आणि मालिन यांनी जे मोजक्या साधनांवर केलं ते आज पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूरच्या विद्यापीठांना एकत्र येऊन नक्की जमेल. शाळांनी चाचणी विकणाऱ्यांशी पैशाचा कोणताही व्यवहार करू नये. शिक्षण विभागानं तसं परिपत्रक काढावं आणि ठशांच्या यंत्रांना शाळेचं फाटक बंद करावं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे 1992 च्या कायद्यानं होते. समुपदेशकांना 2021 च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यानं जागा दिली. ती कागदावरची जागा गावातल्या फ्लेक्सपर्यंत पोचली पाहिजे. चाचणी घेणाऱ्याचा नोंदणी क्रमांक अहवालावर छापलेला असावा. चाचणीचं नाव, मानकांचं साल आणि गुणांचा पट्टा हेही असावं. अहवाल मराठीत असावा, आणि समोर बसून बोलणं झाल्याशिवाय तो कुणाच्या हातात पडू नये, शाळेच्या तर नाहीच. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा आणि आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे. शाळेच्या बाकावर बसून चाचणी दिलेल्या मुलाला तो का नसावा?

यानं काम सावकाश होईल, महाग होईल, हे मला माहीत आहे. हजार मुलांची चाचणी एका दुपारी उरकणार नाही. मग दोनशेच मुलांची होऊ दे, पण त्यातल्या प्रत्येकाशी कुणीतरी बोललेलं असू दे.

द्राक्षबागेच्या त्या मुलीशी मी आणखी तीनदा बोलले. दुसऱ्या भेटीत तिलाही माझा नेहमीचा प्रश्न विचारला, तुला स्वतःबद्दल काय कळायला हवंय? वडील बाजूला बसले होते, अहवाल अजून त्यांच्या मांडीवर होता. ती बराच वेळ अंगठा चोळत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, ते विज्ञानाचं माझ्या बोटांवर नंतर उमटू शकतं का?"

तिच्या बाबांनी अहवाल मिटला आणि पिशवीत घातला.